सगुणाबाईची जीभ

मार्गासनीवरून वेल्ह्याकडं जाताना आमची वाडी लागते. तिथं सगुणाबाईचं घर कुठं, असं कुणाला विचारायची पाळी कधी आली नाही. भाताची कापणी सुरू झाली की डोळ्यावर पदर नाहीतर टोपी दाबून एकेकजण आपणहून तिच्या ओट्याशी येऊन उभं राहायचं. भात झोडताना कुसळ उडतं, पेंढी उचलताना पातं लागतं, आणि डोळा काय दगडाचा असतो होय? सगुणाबाई हातातलं काम टाकायची, चूळ भरायची, माणसाला उजेडाकडं तोंड करून बसवायची. मग पापणी वर उचलून जिभेच्या शेंड्यानं डोळ्यातलं कुसळ अलगद टिपून घ्यायची आणि बोटावर काढून दाखवायची. "हे बघ. एवढ्याशानं रडवलं व्हय तुला?" माणूस हसत घरी जायचा. यासाठी पैसा कुणी द्यायचा नाही आणि तिनं घ्यायचा नाही.

हा गुण मूळचा तिचा नव्हे, सासूचा. सासू चिमाबाई मोठी तोंडाळ बाई, पण तिच्या जिभेला गुण होता असं सारी वाडी सांगते. मरायच्या आधी तिनं सगुणाबाईला जवळ बसवलं, जीभ बाहेर काढायला लावली आणि तिच्यावर घरच्या देवाचा अंगारा ठेवला. "आता ही माझी जीभ. कुनाला न्हाई म्हनायचं न्हाई," असं बजावून म्हातारी गेली. सासू गेली पण जीभ सुनेच्या तोंडात ठेवून गेली, असं लोक म्हणायला लागले. म्हणणाऱ्यांचं काय जातं! ती जीभ वागवायची होती सगुणाबाईला.

त्याच साली रत्ना तिच्याकडं आली. रत्ना म्हणजे भावकीतली धाकटी जाऊ, नवी नवरी, हातातला चुडासुद्धा अजून उतरला नव्हता. झोडणी चालली होती आणि तिच्या डाव्या डोळ्यात कुसळ गेलं. इकडं सगुणाबाईची दाढ किडलेली. गाल टम्म फुगला होता, हिरडीतून घाण येत होती, लवंग दाबून दाबून बाई दिवस काढत होती. आज नको, असं तिच्या ओठावर आलं होतं. पण सासूला जाऊन फार दिवस झाले नव्हते आणि सगळं खळं टक लावून बघत होतं. नाही म्हटलं तर म्हातारीचा शब्द मोडला असता. तिनं चूळ भरली, लवंग थुंकली आणि रत्नाच्या डोळ्याला जीभ लावली.

कुसळ निघालं. डोळा मात्र गेला. आधी लाल झाला, मग चिकटायला लागला, मग बुबुळावर पांढरा ठिपका आला आणि तो वाढत वाढत सगळं बुबुळ झाकून बसला. पुण्याला नेईपर्यंत उशीर झाला होता. नवरीच्या चेहऱ्यावर एका बाजूला काळाभोर डोळा आणि दुसऱ्या बाजूला उकडलेल्या अंड्यासारखं पांढरं फूल. बघवत नव्हतं.

आणि आता खरी गंमत ऐका. गंमत कसली, शिक्षाच ती. रत्नानं सगुणाबाईला बोल लावला असता, शिव्या घातल्या असत्या, तर एक वेळ बरं झालं असतं. पण रत्नाच्या मनानं वेगळंच घेतलं. आक्कानं वेळेवर कुसळ काढलं म्हणून निदान बुबुळ तरी जाग्यावर राहिलं, नाहीतर खोबणच मोकळी झाली असती, असं तिनं धरलं ते धरलंच. दर दिवाळीच्या पाडव्याला ती सगुणाबाईच्या घरी यायची, ओणवी व्हायची, पायावर डोकं टेकायची. उठताना तो पांढरा डोळा सगुणाबाईच्या तोंडासमोर यायचा. सगुणाबाईच्या मनात पाल चुकचुकायची. ती म्हणायची, "असूं दे गं, असूं दे," आणि मान फिरवायची.

नुसती पाल होती तोवर निभावलं. दोन सालांमागं वेल्ह्याला मोतीबिंदूचं शिबिर झालं आणि सगुणाबाईला ऑपरेशनसाठी पुण्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. शेजारच्या खाटेवर मुळशीकडचा एक बाप्या होता. त्याचा डोळा सडला होता आणि डॉक्टर त्याच्या बायकोला झाडत होते. "जिभेनं चाटलंत? अहो, तोंड म्हणजे जंतूंचं घर. भाताच्या पात्यानं बुबुळावर ओरखडा पडतो, म्हणजे दारच उघडं. त्यात तुम्ही तोंडातले जंतू नेऊन सोडता. आणि त्यात किडका दात असेल तर विचारायलाच नको." सगुणाबाई डोळ्याला पट्टी बांधून पडली होती. कानाला मात्र पट्टी नव्हती. खाई त्याला खवखवे म्हणतात ना, तसं झालं. दाढ केव्हाच पडून गेली होती, तरी त्या जागी ठणका लागला.

घरी आल्यावर तिनं डोळ्याला जीभ लावणं बंद केलं. का, ते मात्र सांगितलं नाही. कसं सांगणार? रत्ना दोन घरं सोडून राहते. म्हणून तिनं सबब काढली, "माझी जीभ जड झाली गं बाई आता." लोकांनी मान डोलावली आणि आपापसात ठरवूनही टाकलं की जीभ पुढं गेली. सासूकडनं सुनेकडं आली होती, आता सुनेकडनं तिच्या सुनेकडं गेली. ही गोष्ट सगुणाबाईच्या ध्यानातच आली नाही.

तिला दुसराच घोर लागला होता. पहाटे मागच्या दारी कुणीतरी खळखळून चूळ भरतंय असं तिला ऐकू यायचं. चिमाबाईची सवयच होती ती, आधी चूळ आणि मग शिवी. सगुणाबाई दार उघडून बघायची तर न्हाणीचा दगड कोरडा ठक्क. कधी जेवता जेवता जिभेवर खारट चव यायची, मीठ कमी असलं तरी. ही चव तिला ओळखीची होती. नव्या नवरीच्या आसवांची होती ती. मग ताट तसंच सरकवून बाई उठायची आणि सून मंगल म्हणायची, "आत्या, तुमाला झालंय तरी काय?" सांगायला काय झालेलं असतं तर सांगितलं असतं.

यंदा कापणी जोरात चालली होती. एका सकाळी रत्ना पदर दाबून ओट्याशी आली. आता तीही पन्नाशीला टेकली होती, नवरा मागंच वारलेला, घरात ती आणि मुलगा कुमार. कुमारचा स्वतःचा टेम्पो, वरवे गावाच्या बाजूच्या कारखान्यांचा माल वाहतो.

"आक्का, पातं लागलंय," रत्ना म्हणाली. तिनं पदर काढला. उजवा डोळा. होता तेवढा एकच डोळा.

"माझी जीभ जड झालीया, ठावं हाय न्हवं तुला? तू वेल्ह्याच्या दवाखान्यात जा. आत्ताच्या आत्ता जा."

"एवढ्याशाला दवाखाना?"

"जा म्हनते ना! पान्यानं धू आनि जा."

"बरं," म्हणून रत्ना वळली. तिच्या पाठीकडं बघत सगुणाबाईनं सुटकेचा श्वास टाकला. आपण जीभ लावली नाही, आपण दवाखाना सांगितला, संपलं. अहो, असं संपत असतं होय? खरं सांगितलं नाही, नुसतं टाळलं. टाळलेलं काम दुसऱ्याच्या हाती जातं, एवढी साधी गोष्ट या म्हातारीला कळू नये?

त्यानंतर दोनेक दिवसांनी रात्रीच्या भाकरीला बसल्यावर मंगल फुशारून म्हणाली, "आत्या, एक सांगू का? रत्नाचुलतीच्या डोळ्यातलं मी काढलं, जिभेनं. बांधावरच भेटल्या. म्हनल्या, आक्काची जीभ जड झाली, आता तूच बघ. मी आधी घाबरले, पर निघालं की वो! मलाबी गुन आलाय."

सगुणाबाईचा घास हातातच राहिला.

"दुसऱ्या दिशी डोळा लाल झाला, तवा दिवळीतले तुमचे थेंब घातले. मोतीबिंदूच्या टायमाचे, बाटली अर्धी व्हती. लाली कुठल्या कुठं पळाली! आज तर भात वाऱ्याला लावत्यात त्या."

पोर बिचारी चांगल्या मनानं सांगत होती. शाबासकी मिळेल असं तिला वाटत होतं. सगुणाबाई उठली, हात धुतला आणि अंथरुणावर जाऊन पडली. पहाटे मागच्या दारी चूळ भरल्याचा आवाज आला, पण या खेपेला तिनं दार उघडून बघितलंसुद्धा नाही.

उजाडताच ती रत्नाकडं गेली. रत्ना ओट्यावर तांदूळ निवडत होती, मंगल आणि शेजारच्या दोघी बायका गप्पा मारत होत्या. कुमार टेम्पोची काच पुसत होता. "आक्का, बघा, मंगलच्या जिभेला तुमच्यावानीच गुन हाय," म्हणत रत्नानं तोंड वर केलं. लाली खरंच नव्हती. पण सगुणाबाईनं तिची हनुवटी धरून डोळा उन्हाकडं फिरवला आणि तिला दिसलं. काळ्या बुबुळावर कणीएवढा पांढरा ठिपका. असाच ठिपका तिनं एकदा बघितला होता.

"दिसतंय कसं?"

"जरा धुकं वाटतंय. पर दुखत न्हाई फारसं."

"पुन्याला चल. आत्ता चल, रत्ना."

रत्ना हसायला लागली. "अवो, बरं झालंय! ऐन सुगीत पुन्याला कशाला? पाडवा झाल्यावर बघू." शेजारणी म्हणाल्या, "आक्का उगाच भ्यात्यात." कुमार म्हणाला, "काकी, आज भाडं हाय माझं." सगुणाबाईनं विनवलं, दटावलं, शेवटी हात जोडले. ढिम्म कुणी हललं नाही. एकच गोष्ट त्यांना हलवू शकली असती आणि ती तिच्या तोंडातून निघेना. सांगायला तोंड उघडलं की समोर तो पांढरा डोळा दिसायचा, निवांत, विश्वासानं बघणारा. आणि शेजारच्या डोळ्यात ती कणी वाढत होती.

तेव्हा बाईनं काय करावं? तिनं अंबाडा सोडला. केस तोंडावर आले, अंग घुमायला लागलं, दात करकरा वाजले. आयुष्यात तिच्या कधी अंगात आलं नव्हतं. बायका दचकून मागं सरल्या. सगुणाबाईच्या तोंडून चिमाबाईचा घोगरा, चिडका आवाज आला, "रत्नेऽ! माझ्या घरची जीभ बंद झाली! कुनी कुनाच्या डोळ्याला तोंड लावलं तर मी बघून घेईन! आजच्या आज पुन्याला जा, न्हाईतर हाबी डोळा मी नेनार!"

"आई गं!" म्हणत मंगलनं हात जोडले. कुमारच्या हातातलं फडकं गळालं.

इथवर सोंग होतं. हे सगुणाबाईला ठाऊक होतं. पण तिनं न ठरवलेलं एक वाक्य तिच्या तोंडून निघालं, "सडक्या तोंडानं चाटलं गं मी तुला! पयल्या डोळ्याला सडकं तोंड लावलं!" ते कुठून आलं, कुणी वदवून घेतलं, तिला आजवर उमगलेलं नाही. अंगावर सरसरून काटा आला आणि ती खरोखरच धाडकन पडली. लोकांनी पाणी मारलं. म्हातारी चिमाबाई वरून कबूल करतेय, आपला काहीतरी दोष सांगतेय, असा अर्थ सगळ्यांनी लावला. मेलेल्या माणसाच्या माथी काय, काहीही मारता येतं. सगुणाबाईनं तो अर्थ तसाच राहू दिला. कुमारनं भाडं रद्द केलं आणि टेम्पो नसरापूरच्या रस्त्याला लागला. वाटभर रत्ना सगुणाबाईचा हात घट्ट धरून बसली होती.

दवाखान्यात डॉक्टर प्रेरणा म्हणून एक तरुण बाई होती. तिनं रत्नाला यंत्रासमोर बसवलं, हनुवटी एका पट्टीवर टेकवायला सांगितली, डोळ्यात पिवळा रंग सोडला आणि निळा उजेड टाकला. जखम हिरवीगार चमकली. बाहेरून कणी दिसत होती, आतून चांगला खड्डा पडला होता आणि बुबुळाच्या मागं खालच्या बाजूला पू बसायला लागला होता.

"डोळ्यात काय काय घातलं?"

"काय न्हाई," हनुवटी तशीच ठेवून रत्ना म्हणाली. मंगलवर आळ नको म्हणून म्हणाली, दुसरं काय! "नुसतं पानी मारलं."

"खरं सांगा. भाताचं पातं लागलं की कधी बुरशी धरते, कधी जंतू धरतात. दोन्हीची औषधं वेगळी. मी नमुना तपासणारच आहे, पण काय झालं ते कळलं तर वेळ वाचेल. तुमच्याकडं दुसरा डोळा नाही, बाई."

कुमार जमिनीकडं बघत होता. दाराशी उभ्या असलेल्या सगुणाबाईला वाटलं, आपल्या मागं कुणीतरी उभं आहे आणि कानाशी कुजबुजतंय, झाकली मूठ सव्वा लाखाची, गप बस. तिनं मागं वळून पाहिलं. पाठीशी नुसती भिंत होती.

"जीभ लावली व्हती," ती म्हणाली. "माझ्या सुनेनं. तिचा दोष न्हाई, तिला कुनी सांगितलंच न्हाई. आनि माझ्या ऑपरेशनचे जुने थेंब घातले." सकाळी दिवळीतून उचलून कनवटीला खोचलेली बाटली तिनं काढून टेबलावर ठेवली.

डॉक्टरनं बाटली वाचली आणि कपाळाला हात लावला. "हे सूज उतरवायचं औषध. ऑपरेशननंतर ठीक आहे. पण जखमेत जंतू असताना घातलं तर लाली जाते, दुखणं कमी होतं आणि आत जंतूंना मोकळं रान मिळतं. माणूस बरं वाटतंय म्हणून घरी बसतो." मग तिनं उजेड डाव्या डोळ्याकडं फिरवला. "आणि ह्याला काय झालं होतं?"

"त्यालाबी जीभच लावली व्हती."

"कुणी?"

"म्या."

"काकी, काय बोलताय?" कुमार म्हणाला. "आजी अंगात आली तवा तर तिनं..."

"आजी न्हवती रं ती. मीच व्हते. दाढ सडली व्हती माझी तवा, तोंडात पू व्हता. ठावं असून लावली. समदे बघत व्हते म्हनून लावली."

रत्नाची हनुवटी यंत्राच्या पट्टीवर होती, कपाळ टेकलेलं होतं. तिला मान वळवता आली नाही. ती तशीच समोरच्या उजेडात बघत राहिली आणि पिवळं पाणी तिच्या गालावरून ओघळलं. तीस वर्षांपूर्वीचं आता नक्की सांगता येणार नाही, नुसत्या पात्यानंही डोळा जाऊ शकतो, असं डॉक्टर समजुतीनं म्हणाली. पण ते ऐकायला कुणी जाग्यावर नव्हतं.

पुढचं काम भराभर झालं. डोळा बधिर करून जखमेचा नमुना खरवडून घेतला, काचेवर पसरून तपासला. बुरशी नव्हती, जंतूच होते. दवाखान्यात कडक थेंब तयार करून दिले आणि ते दर तासाला घालायचे, दिवस म्हणू नका, रात्र म्हणू नका. बायकांच्या वॉर्डात सोबतीला बाईमाणूसच लागतं, म्हणून सगुणाबाई राहिली.

ते दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. थेंबांची वेळ झाली की ती बाटली घेऊन खाटेशी जायची. रत्ना एक शब्द बोलायची नाही. नुसतं तोंड वर करायची आणि सगुणाबाईच्या हाताखाली डोळा उघडा धरायची. चिडली असती, हात झिडकारला असता तर सोसलं असतं. तिनं फक्त डोळा उघडा धरला, दर तासाला. सगुणाबाईनं एकही थेंब चुकवला नाही.

जंतू हटले. पू विरला, खड्डा भरून यायला लागला. एक दिवस डॉक्टरनं बोटं दाखवली आणि रत्नानं बरोबर मोजली. जरा डाग राहील, पण नजर राहिली, भाकरी भाजाल, सुई ओवाल, असं डॉक्टर म्हणाली. सगुणाबाईला रडू फुटलं. घरी थेंब चालू ठेवायचे, तपासायला यायचं आणि पुन्हा कुणाच्या डोळ्याला जीभ नाही की कुणाची उरलेली बाटली नाही, असं बजावून त्यांना सोडलं.

दवाखान्याच्या फाटकाशी कुमारच्या टेम्पोची वाट बघताना रत्ना पहिल्यांदा बोलली.

"डोळ्याचं वाईट न्हाई वाटत, आक्का. तवा कुनालाच काय कळत न्हवतं, डोळा गेला तर गेला." ती रस्त्याकडं बघत होती. "पर तुमी शिबिराला जाऊन आलात तवा कळलं व्हतं न्हवं तुमाला? त्याच्यावरबी दोन पाडवे झाले. दोन्ही बारीला मी तुमच्या पाया पडले. तेवढं तरी थांबवायचं व्हतं."

टेम्पो आला तशी सगुणाबाईनं थेंबांची पिशवी रत्नाच्या हाती दिली आणि स्वतः मागं हौद्यात जाऊन बसली.

वाडीत आल्यावर तिनं मंगलला आणि शेजारणींना सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. कुणी ऐकून घेतलं, कुणी नाक मुरडलं, कुणी म्हटलं म्हातारीला भ्रम झालाय. थेंब घालायला ती रत्नाच्या दारी गेली तर रत्ना आतूनच म्हणाली, "माझं मी घालते आता. आरसा हाय." उंबऱ्याच्या आत ये, असं ती म्हणाली नाही. सगुणाबाई परत फिरली नाही, ओट्याच्या कडेला टेकली. आता रोज ती तिथंच बसलेली असते. येणारेजाणारे बघतात आणि पुढं जातात. वेळ झाली की ती दाराकडं तोंड करून हळूच म्हणते, "रत्ना, थेंबांची येळ झाली." आतून ओ येत नाही. जरा वेळानं बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज येतो.